अनुदानाचं घर शहराबाहेरच का?

प्रश्न : घरचं वार्षिक उत्पन्न साडेआठ लाख. पंतप्रधान आवास योजनेच्या व्याज अनुदानात बसणारी घरं पाहतोय, पण सगळी बदलापूर-वांगणीकडचीच दाखवतात. असं का होतं? आणि तिकडे घ्यावं का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : १ सप्टेंबर २०२४ पासूनच्या ‘शहरी २.०’ योजनेत घराची किंमत जास्तीत जास्त ३५ लाख आणि कर्ज २५ लाख चालतं. ही मर्यादा मुलुंडला तीच आणि लातूरलाही तीच, खरी गोम इथे आहे. विक्रीची किंमत अशी आधीच ठरली, की बिल्डर त्यातून बांधकामखर्च, मंजुऱ्या आणि नफा वजा करतो. उरलेल्या पैशांत जिथे जमीन बसेल तिथे प्रकल्प जातो. सिमेंट-सळईचा भाव मुलुंड आणि वांगणीत फारसा बदलत नाही, बदलतो तो जमिनीचा. बांधकाम चालू असलेल्या घरावरचा १ टक्का जीएसटीही त्याच दिशेने ढकलतो, कारण त्यालाही ४५ लाखांची आणि मुंबई महानगरात ६० चौ.मी. चटई क्षेत्राची अट आहे. एकदा मागणी तिकडे वळली की जमीनमालक भाव चढवतात आणि अनुदानाचा काही भाग त्यांच्याच खिशात जातो. पाणी, गटारं, शाळा मात्र मागाहून येतात.

घ्यावं का, हे हिशेब करून ठरवा. पहिल्या ८ लाख कर्जावर, १२ वर्षांच्या मुदतीपर्यंत, ४ टक्के अनुदान मिळतं, कमाल १.८० लाख, पाच वार्षिक हप्त्यांत. म्हणजे महिन्याला ३,००० रुपये, तेही पाचच वर्षं. यासमोर दोघांचे रेल्वे पास, स्टेशनपर्यंतची शेअर रिक्षा, शाळेची बस आणि टँकरचा खर्च मांडा. शेजारच्या सोसायटीत एप्रिल-मे महिन्यांची टँकरची बिलं आवर्जून बघा.

आमच्या मते आधी डोंबिवली-कळव्यात जुना, पुनर्विक्रीचा छोटा फ्लॅट शोधावा. योजनेत तोही चालतो. म्हाडाच्या कोकण मंडळाच्या सोडतीतली २० टक्के योजनेतली, म्हणजे खासगी बिल्डरने आपल्या प्रकल्पात राखून ठेवायची छोटी घरंही पाहा. दहा लाखांहून जास्त वस्तीच्या शहरांत ४,००० चौ.मी. किंवा मोठ्या भूखंडांवर ती बांधावी लागतात, त्यामुळे ती वस्तीतच असतात. शहर पसरू न देण्याचा हा जास्त शहाणा मार्ग आहे.

कुटुंबात कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं. अनुदानाचा प्रत्येक हप्ता येताना कर्ज चालू आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी असावं लागतं, म्हणून पहिली पाच वर्षं मोठी आगाऊ परतफेड टाळा.