रोल नाही, म्हणून डेटाबेस नाही
अरे, डेटाबेस बनवताना 'रोल अस्तित्वात नाही' अशी एरर आली म्हणून पोस्टग्रेसचा (डेटाबेस सांभाळणारा) सर्व्हर काढून पुन्हा टाकू नकोस. उबुंटूवर पोस्टग्रेस नवं टाकलं की लॉगिन करता येईल असा एकच रोल (पोस्टग्रेसमधलं वापरकर्त्याचं खातं) असतो, त्याचंही नाव 'पोस्टग्रेस'. तू स्वतःच्या लॉगिनने डेटाबेस बनवायला गेलास, पोस्टग्रेसने तुझ्या नावाचा रोल शोधला, सापडला नाही. म्हणजे सर्व्हर चालू आहे, हे तरी कळलं! आता सुडोने (दुसऱ्या युजरच्या नावाने कमांड चालवायची सोय) उबुंटूवरचा पोस्टग्रेस युजर हो, स्वतःच्या नावाचा रोल बनव आणि त्याला क्रिएटडीबीचा, म्हणजे डेटाबेस बनवण्याचा, हक्क दे. सुपरयुजर, म्हणजे सगळे हक्क असलेला रोल, नको (घाईत सगळे तेच करतात). हक्क द्यायचा राहिला तर 'परमिशन डिनाइड' येईल. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर मात्र सर्व्हिस चालू आहे का आणि 5432 पोर्ट बरोबर आहे का ते बघ. अॅपसाठी वेगळा रोल असेल तर डेटाबेस बनवतानाच त्याला मालक कर. कारण पोस्टग्रेसच्या आवृत्ती 15पासून पब्लिक स्कीमात (टेबलं ठेवायची मूळ जागा) मालकाशिवाय इतरांना टेबल बनवू देत नाहीत.