आधी टेप घे, मग ट्रेलर बघ

गोव्याहून केबिन क्रूझर, म्हणजे आत खोली असलेली मोटरबोट घेतलास, हिडकलच्या धरणात ठेवणार म्हणतोस, बरं झालं. पण आधी तिची रुंदी मोज की! रस्त्यावर 2.6 मीटरची मर्यादा आहे. त्याहून रुंद असेल तर आधी परवानगी, मग चोर्ला घाट.

खरी भानगड बोटीची नाही गा, ती वाहून नेणाऱ्या ट्रेलरच्या चाकातल्या बेअरिंगची. चालून तापलेली चाकं बोट चढवायला तशीच खाऱ्या पाण्यात उतरवली की हब, म्हणजे बेअरिंग बसतं तो चाकाचा मधला भाग, गार होताना पाणी आत ओढतो. माझं कणकुंबीच्या अलीकडं असंच झालं. हब उघडला तर ग्रीस ताकासारखं पांढरं! तासभर लोक बोटीपुढं फोटो काढत होते, मी डोकं धरून बसलेलो. ग्रीस नवं भर, वाटेत थांबून हबला हात लावून बघ. चटका बसला तर पुढं जाऊ नकोस.

हिडकलचं पाणी गोडं. बोटीचा धातू गंजू नये म्हणून बुडाला लावलेले जस्ताचे तुकडे तिथं नीट काम करत नाहीत, मॅग्नेशियमचे बसव. परत समुद्रात नेणार असलास तर मात्र काढून टाक, भराभर झिजतात. उन्हाळ्यात पाणी उतरतं, काठाला नुसता चिखल. बोटीची नोंदणी 2021 च्या अंतर्देशीय जहाज कायद्यानं लागते, ती आधीच कर.