झाडात पंप नसताना पाणी मुळापासून शेंड्यापर्यंत कसं चढतं?

थोडक्यात सांगायचं तर पाणी खालून फारसं ढकललं जात नाही, ते वरून ओढलं जातं.

मुळांवरचे बारीक मूलरोम परासरणाने (पाणी पातळ पडद्यातून कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे जातं त्या क्रियेने) जमिनीतलं पाणी आत घेतात. तिथून ते जलवाहिन्यांत शिरतं. या वाहिन्या मृत पेशींच्या असतात. पेशीतला जीवद्रव्याचा भाग नाहीसा होतो आणि लिग्निनने (लाकडाला कडकपणा देणाऱ्या पदार्थाने) कडक झालेली पोकळ नळी तेवढी उरते. मला यातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते: झाडाला जगवणारी वाट मेलेल्या पेशींनी बनलेली असते!

आता ओढतं कोण? पानांवरच्या पर्णरंध्रांतून पाण्याची वाफ बाहेर पडते, म्हणजेच बाष्पोच्छ्वास होतो. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यामुळे वरचा रेणू गेला की त्याच्यामागे सगळी साखळी वर सरकते. ही ऊर्जा सूर्याची, झाडाला त्यासाठी जवळपास काहीच खर्च करावं लागत नाही. डिक्सन आणि जॉली या आयरिश शास्त्रज्ञांनी १८९४ मध्ये हा सिद्धांत मांडला.

साधा शोषक पंप पाणी जेमतेम १० मीटर चढवतो. कॅलिफोर्नियातले रेडवूड वृक्ष मात्र ११० मीटरच्या वर पाणी पोहोचवतात.

मूलीय दाब, म्हणजे मुळांकडून पाणी वर ढकलणारा दाबही असतो (पहाटे गवताच्या टोकांवर दिसणारे काही थेंब त्याचेच), पण उंच झाडाला तो पुरत नाही.

साखळीत हवेचा बुडबुडा शिरला तर ती तुटते. म्हणूनच फुलांचे देठ पाण्याखाली धरून कापावेत, फुलं जास्त टिकतात.