अगत्तीचे वेळापत्रक जूनपासून मांडावे

स्नेहाशीर्वाद.

लक्षद्वीपमधील अगत्ती बेटाच्या विमानमार्गाचा तू पाठवलेला आराखडा सावकाश वाचला. डिसेंबर ते मार्चचे भारमान (म्हणजे किती टक्के आसने भरतात ते) पाहून बारमाही रोजची सेवा परवडेल, असा निष्कर्ष तू काढला आहेस आणि तो मला घाईचा वाटतो. लक्षद्वीपला हिवाळ्यात विमान कोणीही भरून दाखवील. जून ते ऑगस्ट या महिन्यांत किती फेऱ्या तग धरतील हे आधी ठरवून उरलेले वर्ष त्याभोवती रचावे, असे माझे मत आहे.

धावपट्टीपासून सुरुवात कर. १९८८ मध्ये डॉर्नियरसारख्या लहान विमानांसाठी सुरू झालेली ही पट्टी जेमतेम १२०० मीटर लांब आहे आणि बेटाचे ते टोक इतके चिंचोळे आहे की ती वाढवायची तर समुद्रातच वाढवावी लागेल. सत्तरहून अधिक आसनांचे एटीआर-७२ तेथे उतरते खरे, पण उष्ण हवेत एवढ्या पट्टीवरून पूर्ण वजनाने उडता येत नाही, म्हणून काही आसने विकताच येत नाहीत. पावसाळ्यात हे गणित आणखी आवळते, कारण ओल्या पट्टीवर थांबायला जास्त अंतर लागते आणि ढग खाली आल्यामुळे उतरता आले नाही तर सुमारे साडेचारशे किलोमीटरवरील कोचीला परतण्याइतके इंधन जवळ ठेवावे लागते. त्या इंधनाचे वजन प्रवाशांच्या किंवा सामानाच्या वाट्यातूनच जाते. तुझ्या तक्त्यात मात्र बाराही महिने आसनसंख्या एकच आहे.

मागणीचा विचारही तू पर्यटकांपुरताच केला आहेस. त्यांना प्रवेश परवाना लागत असल्याने आयत्या वेळी स्वस्त तिकीट पाहून निघणारा प्रवासी येथे फारसा मिळत नाही. याउलट बेटवासीयांना विमानाची खरी निकड पावसाळ्यातच असते. कोचीहून बोटीला एरवीही चौदा ते अठरा तास लागतात आणि खवळलेल्या समुद्रात त्या फेऱ्यांचाही भरवसा उरत नाही. रुग्णाला उपचारांसाठी कोचीला न्यायचे असते, विद्यार्थ्यांना कॉलेज गाठायचे असते. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी बकरीद जूनमध्ये आली. हा सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे गेल्या वर्षीच्या तारखा पुढच्या वेळापत्रकात जशाच्या तशा उतरवू नकोस. सणाआधी बेटाकडे जाणारे विमान भरलेले आणि परतणारे रिकामे असते. म्हणून भाडे ठरवताना दोन्ही फेऱ्यांचा खर्च एकत्र धर.

लहान शहरांच्या विमानसेवेसाठी असलेल्या सरकारच्या ‘उडान’ योजनेतील व्यवहार्यता तूट निधीवर, म्हणजे तोटा भरून काढणाऱ्या अनुदानावर, फार विसंबू नये. तो साधारण तीन वर्षांचा असतो. मुंबई ते सिंधुदुर्गातील चिपी ही सेवा ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाली आणि तेवढीच मुदत संपल्यावर थांबली; तेथे तर समुद्र ओलांडायचाही नव्हता. त्यापेक्षा पावसाळ्यात विमानाला दुसरे काम काय देता येईल, ते पाहा. २०२४ मध्ये गोव्यातील मोपाहून अगत्तीची सेवा सुरू झाली, तेव्हा ती चालवणाऱ्या कंपनीच्या वेळापत्रकात मुख्य भूमीवरील लहान शहरेही होती. ही रचना मला शहाणपणाची वाटते, कारण बेटाची फेरी रद्द झाली तरी विमान दिवसभर उभे राहत नाही.

तेव्हा तक्ता महिनावार पुन्हा कर, प्रत्येक महिन्याला विकता येणारी आसने आणि रद्द होऊ शकणाऱ्या फेऱ्या वेगळ्या दाखव, आणि आठवड्याला तीन फेऱ्या धरून हिशेब कसा बसतो ते मला कळव.

तुझा शुभचिंतक