स्वयंचलित की स्वायत्त?

धरमपेठेतल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यावर मुलांनी ‘ऑटोनॉमस रोबोट’साठी ‘स्वयंचलित रोबोट’ लिहिले, परीक्षकांनी ‘स्वायत्त’ सुचवले. बरोबर काय?

परीक्षकांचे बरोबर आहे. नागपुरात उन्हाळ्यात घरोघरी कूलर लागतो, त्याचेच पाहा. टाकी भरत आली की फ्लोट वर येतो आणि नळ बंद होतो. कोणी हात लावत नाही, पण फ्लोटला दुसरे काही करताही येत नाही. हे स्वयंचलित. माझ्या बहिणीकडे फरशी झाडणारा रोबोट आहे. यंदा कूलर खोलीत आला त्या दिवशी तो स्टँडच्या पायाशी थबकला, मागे सरला आणि वळसा घालून पलंगाखाली गेला. ही वाट त्याला कोणी आखून दिली नव्हती. समोरचे पाहून पुढचे ठरवणे आले की स्वायत्तता आली. दिल्ली मेट्रोच्या मजेंटा मार्गावर २८ डिसेंबर २०२० पासून चालकाविना गाडी धावते, पण रूळ ठरलेला, थांबे ठरलेले. तिला ‘चालकविरहित’ म्हणणेच योग्य.

‘आयत्त’ म्हणजे अधीन. दैवायत्त ते दैवाच्या हाती, स्वायत्त ते स्वतःच्या हाती. ‘ऑटोनॉमस’च्या ग्रीक मुळात मात्र ‘नोमोस’ म्हणजे कायदा आहे: आपला कायदा आपणच करणारा. एवढा अधिकार कुठल्याच रोबोटकडे नाही. आपल्याकडचे स्वायत्त महाविद्यालय अभ्यासक्रम आखते, परीक्षा घेते, पण पदवी विद्यापीठाचीच असते. रोबोटही वाट शोधतो. काम काय करायचे ते माणूस सांगतो.

ही मर्यादा शब्दाबरोबर सांगितलीच पाहिजे, असे मला कळकळीने वाटते. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेत ॲरिझोनातल्या टेम्पी शहरात, चाचणीवर असलेल्या एका स्वायत्त गाडीची धडक बसून रस्ता ओलांडणारी महिला दगावली. फौजदारी आरोप ठेवला गेला तो गाडीत देखरेखीला बसलेल्या चालकावर, कंपनीवर नाही. मराठीत तर ‘गाडी आपोआप धडकली’ असे सहज म्हटले जाते. त्या एका ‘आपोआप’मागे गाडी बनवणारा, तिला रस्त्यावर आणणारा आणि परवानगी देणारा असे सगळेच लपतात.

तक्त्यावर ‘वाट शोधण्यापुरता स्वायत्त रोबोट’ लिहा. बघायला येणारा ‘मग बाकीचे कोण ठरवते?’ असे विचारेल, तेव्हा उत्तर मुलांना देऊ द्या.