दांडा बरोबर आहे, पाणी चुकतंय

ताई, तुमचा प्रश्न वाचला, फोटोही पाहिले. जुळे सोलापुरात एकमजली बंगला, जिन्याला वरपासून खालपर्यंत उभी फिक्स काच, हॉलच्या उंच भिंतीत न उघडणाऱ्या दोन खिडक्या. शिडी लावायला कुणी धजत नाही म्हणून तुम्ही पाणी सोडणारा लांब पोल आणि ब्रश मागवलात, त्याला बोअरचं पाणी जोडलंत, तासभर घासलंत, आणि वाळल्यावर काच आधीपेक्षा पांढरी दिसायला लागली. 'पोल परत करू का' असं विचारलंय.

परत करू नका. मी शहरात नऊ वर्षं काचा आणि सोलर पॅनल धुतोय आणि पहिल्याच मोठ्या कामात हेच करून बसलो होतो. होटगी रोडला एका डॉक्टरांच्या बंगल्यावर सकाळी सगळ्या काचा बोअरच्या पाण्याने लखलखीत धुतल्या, पैसे घेतले, घरी आलो. दुपारी फोन. जाऊन बघतो तर काचेवर रांगोळी सांडल्यासारखे ठिपके! दोन दिवस शिडीवर चढून फडक्याने पुसत होतो. पैसे परत मागितले नाहीत हा त्यांचा मोठेपणा.

या पोलची सगळी गंमत अशी की धुतल्यावर काच पुसायची नसते. वायपर नाही, फडकं नाही. ब्रशने मळ सुटा करायचा, पाण्याने खाली वाहून न्यायचा आणि काच आपोआप वाळू द्यायची. पाण्यात काही विरघळलेलं नसेल तर मागे काहीच उरत नाही. आपल्या बोअरच्या पाण्यात मात्र भरपूर काही असतं. तुमच्याकडे कुलर असेल तर मेअखेर त्याचं गवत बघा, चुन्यात बुडवल्यासारखं पांढरं आणि कडक झालेलं असतं. तेच काचेवर चाललंय, फक्त पातळ थरात. तुम्ही टीडीएस (एका लिटरमध्ये विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) ११०० लिहिलाय, म्हणजे एक लिटर पाणी आटलं की ग्रॅमपेक्षा थोडे जास्तच क्षार मागे. पोलला लागतं शून्याजवळचं पाणी. दहापर्यंत चालून जातं. वीस-तीसला गडद काचेवर उन्हात ठिपके दिसायला लागतात.

पटत नसेल तर आज एक करा. जुन्या आरशावर तीन थेंब टाका: एक बोअरचा, एक वीस लिटरच्या जारचा, एक बॅटरीच्या पाण्याचा. उन्हात ठेवा. बोअरच्या थेंबाची पांढरी कडा बोटाने चाचपता येते, जारची फिकट असते, बॅटरीच्या पाण्याची जागा शोधावी लागते.

आता हे पाणी आणायचं कुठून? घरचा आरओ आहे म्हणालात. तो थेट चालणार नाही, कारण पाण्याला चव राहावी म्हणून बहुतेक मशीनमध्ये टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरलचं काडतूस असतं, ते मुद्दाम थोडे क्षार परत मिसळतं. मेकॅनिककडून मेम्ब्रेननंतर (क्षार अडवणाऱ्या पडद्यानंतर) लगेच एक वेगळा नळ काढून घ्या. तिथे तुमच्या पाण्याला चाळीस ते साठ टीडीएस मिळायला हवा. त्यापुढे रेझिनच्या बारीक मण्यांची बाटली, तिला डीआय म्हणतात. रेझिन उरलेले क्षार धरून ठेवतं आणि पाणी शून्यावर येतं.

'मग आरओ कशाला, थेट रेझिनच लावू' असं पुष्कळ जण म्हणतात. हिशेब करून बघा. एक लिटर मिक्स्ड बेड रेझिन ढोबळमानाने वीस ग्रॅम क्षार धरतं. ११०० टीडीएसचं पाणी सोडलं तर १८ लिटरमध्ये रेझिन संपलं, म्हणजे एक बादली! तेच आरओमधून ५० टीडीएसवर आलेलं पाणी असेल तर ४०० लिटर निघतात. पुण्या-मुंबईचे व्हिडिओ बघून नुसतं रेझिन मागवणारे इथे फसतात ते यामुळेच. धरणाचं गोड पाणी वेगळं, आपल्या बोअरचं वेगळं.

आरओचा तोटा म्हणजे टाकाऊ पाणी. एक लिटर चांगल्या पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर जातं, आणि नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात ते गटारात सोडायला जीव होत नाही. ड्रममध्ये धरा, संडासाला आणि अंगण धुवायला वापरा. झाडांना घालू नका, ते बोअरपेक्षाही खारट असतं. मेम्ब्रेन ७५ जीपीडीचं (दिवसाला ७५ गॅलनचं) असेल तर तासाला दहा-बारा लिटर मिळतात. आदल्या रात्री लावलं की सकाळी कॅन भरलेले.

तुमच्या तीन काचांसाठी मात्र मी हा संसार मांडायला सांगणार नाही. वर्षातून दोनदा धुणार असाल तर बॅटरीवाल्याकडून डीएम, म्हणजे क्षार काढलेल्या पाण्याचे कॅन आणा. टीडीएस मीटर बुडवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. 'डिस्टिल्ड' लिहिलेल्या कॅनमध्ये मला ९० टीडीएसही सापडलाय. चार बाय चारच्या काचेला तीन-चार लिटर लागतात, जिन्याच्या उभ्या काचेला पंधरा-वीस धरा. एसीतून गळणारं पाणीही चालतं, पहिली बादली ओतून द्या आणि मीटर लावा.

दाबासाठी मोटर नको. शेतात फवारणीचा बॅटरीवाला १६ लिटरचा पंप असतो ना, तो पुरतो. पाठीला लावायचा नाही, जमिनीवर ठेवून त्याचा पाइप ब्रशला जोडायचा. मिनिटाला दीड-दोन लिटर पाणी वीस फुटांवर आरामात चढतं. पंप नवाच घ्या. गावाकडून कुणाचा औषध मारलेला आणू नका. तणनाशक कितीही धुतलं तरी कोपऱ्यात राहतं आणि ते पाणी तुमच्या कुंड्यांवर गळणार.

धुताना आधी कोरडं काम. वळवाच्या पावसाने बसलेला चिखल, काळ्या मातीची धूळ, शहराच्या पूर्व भागात घर असेल तर यंत्रमागाचा कापूसही, हे सगळं जळमटांच्या लांब झाडूने झटकून घ्या. ओलं केलं की त्याचा लगदा होतो आणि चौकटीच्या रबरात जाऊन बसतो. मग ब्रशने आधी वरची चौकट धुवा आणि पाच मिनिटं थांबा. नव्वद टक्के ओघळ काचेतले नसतात, वरच्या चौकटीतून आणि छज्ज्याच्या कडेवरून नंतर ठिबकणाऱ्या मळाचे असतात. मी अजूनही घाई केली की तिथेच अडकतो. ते ठिबकणं थांबल्यावर काच वरून खाली घासा, शेवटी ब्रश काचेपासून जरा वर उचलून नुसतं पाणी सोडत खाली या. पाणी पडद्यासारखं उतरत असेल तर काच स्वच्छ झाली. नुसते थेंब धरत असेल तर तेलकटपणा राहिलाय किंवा काचेला कोटिंग आहे. तिथे जास्त वेळ पाणी सोडा. साबण एक थेंबही नको, तो ब्रशमध्ये राहतो आणि पुढच्या तीन काचा खराब करतो.

वेळ सकाळी आठच्या आत. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेची काच संध्याकाळी हात लावू देत नाही, त्यावर गार पाणी मारू नका. साधी काच तडकू शकते.

जुने डाग पोलने जाणार नाहीत, हे आधीच सांगतो. फोटोत जिन्याच्या काचेवर डाव्या बाजूला जो पांढरा पट्टा आहे, त्याच्या बरोबर वर टाकीचा ओव्हरफ्लोचा पाइप आहे. आधी तो पाइप वळवा. मग लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम लिंबूसत्व घालून स्पंजने लावा, दहा मिनिटांनी धुवा, लागलं तर पुन्हा. पायऱ्या आणि खिडकीचे कट्टे शहाबादी किंवा कडप्प्याचे असतील तर आधी प्लास्टिक अंथरा. दोन्ही चुनखडीचेच दगड, आंबट पाण्याचा ओघळ पडला की चकाकी जाते आणि परत येत नाही. एवढं करूनही डाग राहिला तर काच खरवडली गेलीय. ती सेरियम ऑक्साइडने पॉलिश करावी लागते आणि ते काम जमिनीवरून होत नाही.

उघडणाऱ्या स्लाइडिंग खिडक्यांना पोल लावूच नका. शटर उचलून काढा, न्हाणीत धुवा, ट्रॅक घासा, परत बसवा. बाहेर ग्रिल असेल तिथे तर ब्रश आत जातच नाही.

शेवटची गोष्ट मात्र सर्वांत आधी तपासा. तुमच्या दुसऱ्या फोटोत गेटच्या कोपऱ्यात एक खांब दिसतोय, तारा दिसत नाहीत. तुमचा पोल ॲल्युमिनियमचा आहे, आणि वीस फुटांचा उघडलेला पोल वळवताना मागचं टोक कुठे जातं ते आपल्याला कळत नाही, नजर काचेवर असते. फायबरचा घेतला तरी ओला झाल्यावर भरवसा नाही, कार्बनचा तर वीज वाहतोच. सर्व्हिस वायर असो की रस्त्यावरची ११ केव्ही, पोल आडवा पडला तरी तारेपर्यंत पोचणार नाही एवढी मोकळी जागा चारी बाजूंनी हवी. नसेल तर त्या बाजूची काच राहू द्या. खांबापासून घरापर्यंतच्या तारांचा एक फोटो इथे टाका, कुठे उभं राहायचं ते तो बघूनच सांगतो. तोवर पोल उघडू नका.