आरजेची नोकरी सोडून स्वतःचं म्युझिक लेबल काढायचं असेल तर कुठून सुरुवात करावी?

कान तयार आहे, कलाकारांच्या ओळखी आहेत, मग आणखी काय लागतं, असं तुम्ही विचारलंय. कागद आणि खेळतं भांडवल. बहुतेक लेबलांची गाडी तिथेच अडते.

आधी हक्क. एका गाण्यात दोन मालक्या असतात: शब्द-चालीची एक, ध्वनिमुद्रणाची, म्हणजे मास्टरची, दुसरी. रेडिओवर याचा हिशेब स्टेशन परस्पर बघतं, म्हणून आरजेला त्याची सवय नसते. रेकॉर्डिंगच्या दिवशीच, स्टुडिओतून निघण्याआधी, स्प्लिट शीट, म्हणजे कोणाचा वाटा किती हे लिहिलेला कागद, भरून घ्या: गीतकार, संगीतकार, प्रत्येकाचं कायदेशीर नाव, टक्के, सही. बेरीज 100 यायला हवी. मास्टरसाठी गायक-वादकांची लेखी संमती वेगळी घ्या, मानधन एकरकमी दिलं असलं तरी. गाणं गाजलं की ‘अंतरा तर माझा होता’ म्हणणारे दोघंतिघं निघतातच.

वितरकाला, म्हणजे गाणी स्ट्रीमिंग ॲपवर पोचवणाऱ्या कंपनीला, 24 बिट, 44.1 किलोहर्ट्झची डब्ल्यूएव्ही फाइल आणि 3000 बाय 3000 पिक्सेलचं कव्हर द्या. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा 12 अक्षर-अंकांचा कोड लागतो. रीमिक्सला, लाइव्हला वेगळा. वितरक बदललात तरी जुन्या गाण्याचा कोड तोच ठेवा, नाहीतर आधीचे स्ट्रीम्स नव्या अपलोडला जोडले जात नाहीत.

रेडिओवाल्यांची एक खास चूक मास्टरिंगमध्ये, म्हणजे गाण्याच्या आवाजावरचा शेवटचा हात फिरवताना, होते. स्टेशनच्या प्रोसेसरमधून येणाऱ्या दणदणीत आवाजाची सवय झालेला कान मास्टरही तसाच ठासून भरायला सांगतो. स्पॉटिफाय मात्र गाणं साधारण उणे 14 एलयूएफएसवर (हे आवाजाच्या जोराचं माप) आणून वाजवतं. आवाज खाली येतो आणि चेपलेला ढोल तेवढा उरतो.

पैशाचं म्हणाल तर सॅम फिलिप्सकडे बघा. रेडिओतून आलेल्या या माणसाने 1952मध्ये सन रेकॉर्ड्स काढली, आणि 1955मध्ये गायक एल्विस प्रेस्लीचा करार आरसीए या बड्या रेकॉर्ड कंपनीला 35,000 डॉलरला विकला. कारण रोकड! विक्री होत होती, पण ती वसूल होण्याआधीच पुढच्या रेकॉर्डी छापायला पैसे लागायचे. स्ट्रीमिंगची रक्कमही काही महिन्यांनीच हातात येते; तेवढे दिवस चालेल इतका पैसा बाजूला काढूनच पहिलं गाणं करा.

नोकरी अजून चालू असेल तर स्टेशनची लेखी परवानगी घ्या आणि आपल्या लेबलची गाणी निवडण्याचं काम दुसऱ्याकडे सोपवा. पैसे घेऊन गाणी वाजवण्याच्या प्रकरणात ॲलन फ्रीडसारख्या नावाजलेल्या डीजेची कारकीर्द संपली होती.